पॅकिंग स्वस्त, स्टड महाग

माझ्याकडे ऐंशीच्या दशकातली महिंद्राची एमएम ५४० आहे. इंजिन प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं एक्सडीपी ४.९० डिझेल. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, ८३ मिलिमीटरचा स्ट्रोक, एकूण २११२ सीसी. टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. बिघडलेलं सगळं डोळ्यांना दिसतं आणि पान्याला लागतं. या गाडीचं आणि आमच्या जीपवेड्या मंडळींच्या अशाच जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल गाड्यांचं एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग बदलताना जे हाती लागलं, ते खाली लिहितो. क्रम कामाचा आहे, महत्त्वाचा नाही. वेळ कमी असेल तर सातवा मुद्दा आधी वाचा.

१. आवाज गार इंजिनातच ऐकायचा.

सकाळच्या पहिल्या स्टार्टला बॉनेटखालून ‘फट् फट्’ येतं आणि गाडी गावाबाहेर पडेपर्यंत ते नाहीसं होतं. मालक म्हणतो, तापली की बरी होते. बरी होत नाही. मॅनिफोल्ड बिडाचा असतो, तापला की फुगतो आणि फट तात्पुरती बुजते, एवढंच. गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेली की मिस्त्री कान लावतो, मान हलवतो आणि म्हणतो, काही नाही साहेब. त्याचं चुकत नाही, त्या वेळी खरंच काही नसतं. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजात नेऊन ठेवायची आणि सकाळी मिस्त्रीच्या देखत पहिला स्टार्टर मारायचा.

आवाजाचा ठेकाही मोजता येतो. आयडलला इंजिन मिनिटाला ७०० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरचा धूर मिनिटाला ३५० वेळा सुटतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम सहा फटके. एकच पोर्ट गळत असेल तर हा ठेका स्वच्छ कळतो. पण ढिला टॅपेटही याच ठेक्यानं वाजतो, म्हणून ठेक्यावर निकाल द्यायचा नाही. चढाला किंवा जोर लावल्यावर आवाज वाढला तर गळतीचा संशय घ्यायचा. टॅपेट धातूसारखा कोरडा वाजतो आणि त्याला चढउताराशी फारसं देणंघेणं नसतं.

२. खोलण्याआधी जागा नक्की करा.

बागेतल्या रबरी नळीचा हातभर तुकडा घ्यायचा. एक टोक कानाशी, दुसरं मॅनिफोल्डच्या कडेनं फिरवायचं, पंख्याच्या पट्ट्यापासून जपून. गळती असेल तिथं नळी कानात थुंकल्यासारखी वाजते. दुसरी खूण काजळीची: हेड आणि मॅनिफोल्डच्या सांध्याशी काळा पंखा पसरलेला दिसतो. तिसरा उपाय सगळ्यात निवांत. इंजिन बंद, गार. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू कापडात गुंडाळून सायलेन्सरच्या शेपटीत लावायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडे पत्ता सांगतात.

जुन्या डिझेलमध्ये अजून एक चकवा आहे. इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वॉशर असतो. तो गेला की तिथूनही असंच फुसफुसतं आणि भलत्याच ठिकाणचं पॅकिंग बदललं जातं. मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात एकेका इंजेक्टरचा युनियन नट आयडलला किंचित सैल करून बघतात. ज्या सिलिंडरला आवाज पडतो, तो दोषी. यानं सिलिंडर कळतो. गळती पॅकिंगची की वॉशरची, हे मात्र डोळ्यांनीच ठरवावं लागतं: इंजेक्टरभोवती डांबरासारखा ओला काळा थर दिसला तर मॅनिफोल्डला हात लावू नका. आणि हा नट सैल करण्याचा प्रकार कॉमन रेल इंजिनावर कधीही करायचा नाही. तिथं डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो, आणि तेवढ्या दाबाची धार कातडीतून आत शिरते.

३. स्टडला घाई चालत नाही.

या कामाचा निम्मा वेळ, निम्मे पैसे आणि जवळजवळ सगळा मनस्ताप स्टडमध्ये आहे. वर्षानुवर्षं तापून गार होऊन आणि कोकणातले पावसाळे काढून नट आणि स्टड यांचा एकच गंजका गोळा झालेला असतो. जोर लावला की नट सुटत नाही, स्टड मुळापाशी तुटतो.

आमचे उस्ताद कुठलीही जुनी जीप आली की पहिल्या दिवशी पान्याला हातच लावत नाहीत. तारेच्या ब्रशनं उघडे आटे साफ करतात, प्रत्येक नटाच्या मुळाशी पेनिट्रेटिंग ऑइल मारतात आणि मालकाला सांगतात, ‘‘आज पाजून ठेवलंय, उद्या या.’’ संध्याकाळी आणि सकाळी पुन्हा एकेक डोस. तेल मारताना मॅनिफोल्ड गार हवा. गरम बिडावर मारलं तर पेट घेऊ शकतं.

सोडवताना बारा कोनी रिंग पाना बाजूला ठेवायचा आणि सहा कोनी गोटी घ्यायची. गंजानं खाल्लेल्या नटाचे कोपरे बारा कोनीत गोल होतात. तेरा मिलिमीटरचा नट झिजून गोटी त्यावर फिरायला लागली, तर अर्ध्या इंचाची गोटी हातोडीनं ठोकून बसवायची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेवढ्या फरकानं पकड परत मिळते. मग आधी नट किंचित आवळायचा. गंजाचा पहिला पापुद्रा उलट्या दिशेनं सहज फुटतो. त्यानंतर पाव फेरा सैल, थोडा मागे, पुन्हा सैल. करकर आवाज येतोय तोवर तेल मारत राहायचं.

तरीही हलला नाही तर गॅसची ज्योत. ज्योत नटावर, स्टडवर नाही. नट फुगला पाहिजे, स्टड नाही. लाल झाला की थोडा निवू द्यायचा आणि आट्यांना मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आत ओढलं जातं. हा प्रकार बघायला मजा येते, पण जुन्या डिझेलमध्ये रिटर्नच्या बारीक नळ्या आणि फिल्टर कुठं आहेत ते आधी बघा, ओलं पोतं टाकून ते झाका, आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. हे सगळं नसेल तर ज्योत पेटवू नका.

कधी कधी नटासोबत अख्खा स्टडच बाहेर येतो. वाईट वाटून घेऊ नका, हा उत्तम शेवट आहे. फक्त काही इंजिनांत स्टडचं भोक थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतं. कूलंट ठिबकलं तर घाबरायचं कारण नाही, पण नवा स्टड बसवताना आट्यांना सीलंट लावायचं लक्षात ठेवा.

४. तुटलाच, तर ड्रिल मशीन हे शेवटचं हत्यार.

थोडं टोक बाहेर असेल तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग करायचं. वेल्डिंगची पकड महत्त्वाची आहेच, पण खरं काम त्याची उष्णता करते: तुटका तुकडा आतून तापतो, फुगतो आणि गंज सोडतो. लाली गेल्यावर हळूच फिरवायचं.

हेडच्या पातळीत तुटला असेल आणि भोकच पाडायचं असेल, तर हातानं मध्य साधण्याच्या भानगडीत पडू नका. स्टडचं पोलाद कडक आणि हेड मऊ, विशेषतः ॲल्युमिनियमचं. ड्रिल मऊकडे सरकतंच. लेथवाल्याकडून मॅनिफोल्डच्या भोकात घट्ट बसेल असा छोटा बुश करून घ्या, त्याला मधोमध ड्रिलच्या मापाचं भोक. मॅनिफोल्ड उरलेल्या स्टडवर बांधा, तुटक्या जागी बुश घाला आणि त्यातून ड्रिल करा. मध्य आपोआप साधतो. आटे गेलेच तर हेलिकॉइल बसतो आणि तो मूळ आट्यांपेक्षा काही कमी टिकत नाही. पुढच्या मापाचा जाड स्टड ठोकून देणारे भेटतात. त्यांना नमस्कार करून परत यायचं.

५. मॅनिफोल्ड सपाट आहे हे गृहीत धरू नका.

अर्धा मीटर लांबीचं बीड ४०० अंश सेल्सियसनं तापलं तर जवळपास दोन मिलिमीटरनं लांबतं. हेड मात्र पाण्यानं थंड होत असतं, ते शंभर अंशांच्या आतबाहेर राहतं. म्हणजे एकमेकांना आवळून बांधलेल्या दोन वस्तूंपैकी एक लांबते आणि दुसरी जागची हलत नाही. प्रत्येक घाट चढताना हे होतं, प्रत्येक उतारावर उलटं होतं. म्हणून टोकाचे स्टड आधी तुटतात आणि टोकाचेच पोर्ट आधी गळतात. टोकाची भोकं लांबट किंवा सैल ठेवलेली असतात ती याचसाठी. कुणी तिथं ‘फिट बसतो’ म्हणून जाड स्टड घातला असेल, तर मॅनिफोल्डला सरकायला जागा राहत नाही आणि तो वाकतो किंवा तडकतो.

तपासणी सोपी आहे. पोर्टच्या तोंडांवर सरळ पोलादी पट्टी उभी धरायची आणि खालून फीलर गेज घालून बघायचा. मर्यादा मॅन्युअलची. मॅन्युअल नसेल तर ०.२ मिलिमीटरचं पातं कुठंही शिरलं की मी मॅनिफोल्ड फेसिंगला पाठवतो. मिलिंग किंवा सरफेस ग्राइंडरवरच. अँगल ग्राइंडरनं ‘हलकासा हात मारून’ देणाऱ्याला देऊ नये. हेडचा चेहराही त्याच पट्टीनं बघून घ्यायचा. वाकडा मॅनिफोल्ड नव्या पॅकिंगवर आवळला की काही दिवस गप्प राहतो, मग तेच गाणं.

पोर्टांच्या मधल्या भागात तडे शोधा. बिडाचं वेल्डिंग निकेलच्या रॉडनं, आधी तापवून आणि नंतर सावकाश निववून करतात. करणारा माणूस जाणता असेल तर टिकतं. नसेल तर चांगल्या अवस्थेतला जुना मॅनिफोल्ड शोधलेला बरा.

६. खरवडताना तोंडाला मास्क आणि पोर्टांत बोळे.

जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रिलला तारेचा ब्रश लावून कोरडं उडवू नका. ओलं करा, मास्क लावा, हातानं खरवडा, ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं टाकून द्या. पोर्टांत कापडाचे बोळे कोंबायचे, आणि ते बाहेर काढायचे हेही लक्षात ठेवायचं. टर्बो असलेल्या गाडीत तर एक पापुद्राही आत राहता कामा नये.

७. पॅकिंग का गेलं, ते शोधल्याशिवाय नवं बसवू नका.

चाळीस वर्षांच्या गाडीचं पॅकिंग वयानं जातं, यात नवल नाही. पण बदललेलं पॅकिंग वर्षा-दोन वर्षांत पुन्हा गेलं तर दोष पॅकिंगचा नसतो. कुणीतरी मॅनिफोल्डला ओढत असतं.

ओढणारे बहुतेक वेळा दोघंच. एक, इंजिनाची मेलेली माउंटिंग रबरं. दुसरा, सायलेन्सरचा तुटलेला हँगर. जीपचा सायलेन्सर लांब आणि जड, तो चासीला रबरी लटकणीनं टांगलेला असतो. लटकण तुटली की ते सगळं वजन डाउन पाइपमार्गे मॅनिफोल्डवर येतं. त्यात इंजिन रबरांवर नाचत असेल तर प्रत्येक गचक्याला स्टड वर-खाली ताणले जातात. घाटातले खड्डे, ओढ्यातले गोटे, पाइपला खालून बसलेला एखादा दगड, सगळ्याचा हिशेब शेवटी त्या पातळ पत्र्यावर निघतो.

तपास असा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून कुणाला तरी ॲक्सिलरेटरला झटका द्यायला सांगायचं आणि इंजिन किती कलतं ते बघायचं. मग, मॅनिफोल्ड उतरवायच्या आधी, डाउन पाइपच्या फ्लँजचे नट सोडायचे आणि पाइप काय करतो ते नीट बघायचं. नट सुटताच पाइप टणकन बाजूला उडाला किंवा खाली बसला, तर तो इतके दिवस जबरदस्तीनं बांधून ठेवलेला होता. सरळ असेल तर तो जागच्या जागी उभा राहतो. ही एक खूण मला सगळ्या मॅन्युअलांपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे, आणि ती बघायला एक पैसा लागत नाही. घाईघाईत पाइप कापून वेगळा केला की ही खूण कायमची जाते.

परत बांधतानाही हाच विचार. मॅनिफोल्ड पूर्ण आवळायचा, मग डाउन पाइप, सायलेन्सर, शेपटी सगळं सैल जोडून पाइपला त्याच्या जागी बसू द्यायचं, आणि क्लँप पुढून मागे आवळत जायचे. मागून पुढे आवळत आलात तर साचलेला सगळा वाकडेपणा पुन्हा मॅनिफोल्डच्या गळ्यात. फ्लँजचं पॅकिंगही याच वेळी बदलून टाका.

८. पॅकिंग विकत घेताना जुनं सोबत न्या.

पुण्यात नाना पेठेत जा किंवा तुमच्या शहरातल्या ऑटो स्पेअरच्या गल्लीत, ‘जीपचं मॅनिफोल्ड पॅकिंग’ एवढंच सांगितलं तर दुकानदार दोन-तीन निरनिराळी समोर टाकतो. जुन्या जिपांची इंजिनं मधल्या काळात बदललेली असतात. पेट्रोल काढून डिझेल, प्यूजो काढून नंतरचं २५२३ सीसीचं डायरेक्ट इंजेक्शन. आरसी बुकात एक आणि बॉनेटखाली दुसरंच. जुनं पॅकिंग नवीनवर ठेवून भोकं आणि पोर्ट जुळवायचे. पोर्टच्या आत पॅकिंगची कड डोकावत असेल तर ते आपलं नाही. पोलादी गाभ्यावर ग्रॅफाइट असलेलं मला पसंत आहे. ते जुन्या, थोड्या खडबडीत चेहऱ्यांना सांभाळून घेतं.

आणि ते कोरडं बसवायचं. शेलॅक नाही, लाल सिलिकॉन नाही, इपॉक्सीचा लगदा तर नाहीच. चांगलं सिलिकॉनही ३००-३५० अंशांच्या पुढं टिकत नाही, आणि घाटात भरलेल्या डिझेल गाडीचा एक्झॉस्ट त्याच्या कितीतरी वर जातो. सिलिकॉन जळतं, त्या जागी फट राहते, आणि पुढच्या वेळी खरवडणाऱ्याचे शिव्याशाप मिळतात.

नट आणि वॉशर नवे घ्या. तांब्याचा मुलामा दिलेले मिळाले तर उत्तम. ‘स्टेनलेस टाका, गंजणार नाही’ हा सल्ला प्रेमानं नाकारा. स्टेनलेसचे आटे तापल्यावर एकमेकांत रुतून बसतात आणि मग गंजापेक्षा वाईट अवस्था होते.

९. मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, आणि मग पुन्हा एकदा.

आधी सगळे नट हातानं. मग मधल्या पोर्टपासून सुरुवात करून आळीपाळीनं दोन्ही टोकांकडे, निम्म्या टॉर्कवर एक फेरी आणि पूर्ण टॉर्कवर दुसरी. जुन्या मॅन्युअलात आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात, पान्यावर न्यूटन-मीटर किंवा फूट-पाउंड. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. हे गुणाकार कागदावर करा, पान्यावर नाही. आठ मिलिमीटरच्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात. लांब पान्यावर लटकणाऱ्याला हा आकडा फार थोडा वाटतो, आणि तिथंच स्टड ताणले जातात. आट्यांना अँटी-सीझ लावलं असेल तर त्याच आकड्याला पकड जास्त बसते, म्हणून खालच्या बाजूला राहा.

इंजिन चालू केलं की आधी धूर निघेल. तो पाजलेल्या तेलाचा असतो, विझायला वेळ द्या. एक चांगला लांबचा फेरफटका मारा, गाडी पूर्ण गार होऊ द्या आणि सगळे नट पुन्हा तपासा. ग्रॅफाइटचं पॅकिंग पहिल्या तापण्यात थोडं दबतं. काहीशे किलोमीटरनंतर परत एकदा. गॅरेजवाले हे करत नाहीत कारण गिऱ्हाईक परत येत नाही, आणि गिऱ्हाईक परत येत नाही कारण त्याला कुणी सांगितलेलं नसतं. काही नव्या पॅकिंगांना पुन्हा आवळायची गरज नसते. पाकिटावर तसं लिहिलं असेल तर तेच खरं.

१०. काम लांबणार असेल तोवर गाडी कशी वापरायची.

स्टड मिळत नाही, लेथवाला गावाला गेलाय, पाऊस उघडत नाही, असं होतं. गाडी चालते, म्हणून आपण चालवत राहतो. तेव्हा इतकं करा. जुन्या जीपच्या फायरवॉलला पेडल, केबल आणि वायरिंगची भोकं असतात आणि त्यांची रबरं कधीच गळून पडलेली असतात. बॉनेटखाली गळणारा धूर तिथून थेट पायांशी येतो. नवी ग्रोमेट घाला, नाही मिळाली तर निदान भोकं नीट बंद करा. डिझेलच्या धुरात पेट्रोलपेक्षा कार्बन मोनॉक्साइड कमी असतो, पण शून्य नसतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला आहे. डोळे चुरचुरणं, घाटात डोकं धरणं, मागं बसलेल्या पोरांना मळमळणं, याला ‘गाडी लागली’ म्हणून सोडून देऊ नका.

गळती असताना ओढ्यात उतरू नका. तापलेल्या बिडावर गार पाणी उडालं की तडा जायला निमित्त मिळतं. आणि डोंगरात मुक्काम पडला, थंडी वाजली, तरी ताडपत्रीचे पडदे पाडून, इंजिन चालू ठेवून कुणाला गाडीत झोपू देऊ नका. तंबू बाहेर लावा आणि चावी खिशात ठेवा.